बुरशीचं औषध आणि जिजींची बरणी

मामाजींना बुरशी झाली आहे, असं नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांनी विचारलं, "कशाले?"

"फुप्फुसाला," डॉक्टर म्हणाले.

हे तिथे मान डोलावून मोकळे झाले. मेहकरला घरी आल्यावर मात्र ओट्यावर टोपी आपटून मला म्हणाले, "भाकरीले येते, लोणच्याले येते, पावसाळ्यात चपलेले येते. माणसाले बुरशी येते हे म्या जलमात आइकलं नाई. तू मॅट्रिक झाली ना? मंग तूच सांग." त्या घरात मॅट्रिक झालेली मी एकटीच. त्यामुळे तार आली, रेडिओ बिघडला, गाय अडली, काहीही झालं की "तू मॅट्रिक झाली ना?" हे ठरलेलं. माझं माहेर मोताळ्याचं. तिथे माझ्या मॅट्रिकला कुणी विचारत नव्हतं, तेच बरं होतं.

मामाजी म्हणजे माझे सासरे. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मेहकरच्या बाजारात त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं आणि गावाबाहेर मिरचीचा मळा. माणूस दिलदार, पण फुकटची वस्तू दिसली की त्यांचे डोळे लकाकायचे. त्या हिवाळ्यात त्यांनी एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं गोदाम भाड्यानं घेतलं. आत वटवाघळांचं राज्य, आणि जमिनीवर त्यांच्या वाळक्या घाणीचा ढीग. दुसरा कुणी असता तर नाक दाबून पळाला असता. मामाजींनी ती घाण मुठीत घेऊन चोळली, हुंगली आणि म्हणाले, "हे तं सोनं हाये! मिरचीले असं खत इकत भेटत नाई." मग रोज सकाळी चाळणी घेऊन ते स्वतः ती चाळत बसायचे. तोंडाला फडकंसुद्धा नाही. बाहेर यायचे तेव्हा भुवया, मिशा, सगळं मातकट झालेलं असायचं. मिरची त्या वर्षी झकास आली. मामाजी मात्र होळीपर्यंत खोकून खोकून निम्मे झाले.

गावानं क्षय ठरवून टाकला. क्षयाची इंजेक्शनं झाली, अंडी झाली, बकरीचं दूध झालं, पण ताप काही हटेना. शेवटी मेहकरच्या आमच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि नागपूरला धाडलं. तिथे तपासण्या झाल्या आणि एका डॉक्टरांनी विचारलं, "वटवाघळांशी कधी संबंध आला होता का?" एवढ्या तापातही मामाजी ताठ उठून बसले. "हाव! खत लय भारी हाये, साहेब. तुमाले पायजे असन तं पोतंभर धाडतो."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ह्यांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. त्या घाणीच्या धुळीतूनच ही बुरशी फुप्फुसात गेली आहे. यावर एकच औषध आहे, अँफोटेरिसिन बी. शिरेतून थेंब थेंब द्यायचं, बाटली संपायला अर्धा दिवस लागतो, आणि असं कित्येक आठवडे. त्रास फार होतो. पण पुरं घेतलं तर माणूस वाचेल. अर्धवट सोडलं तर बुरशी पुन्हा उठेल, आणि मग काही करता येणार नाही. सुरुवातीच्या बाटल्या नागपूरला झाल्या आणि बाकीच्या मेहकरला आमच्या डॉक्टरांकडे द्यायच्या ठरल्या. आमचे डॉक्टर मूळचे पुण्याचे. आमच्या बोलीला वर्षानुवर्षं हसत हसत आमच्यातच म्हातारे झालेले. त्यांच्या दवाखान्यात रॉकेलवर चालणारा फ्रिज होता, म्हणून हे जमलं. औषध मुंबईहून यायचं, बर्फ भरलेल्या थर्मासमधून. राजधानी नागपूरहून मुंबईला गेली त्याचा राग मामाजींना होताच. "आता जीवही मुंबईहून मागवा लागते," म्हणाले.

आता जिजी.

जिजी म्हणजे मामाजींची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच कपाळ पांढरं झालं आणि माहेरी परत आल्या. आल्या तेव्हा आई नुकतीच गेलेली आणि मामाजी रांगत होते. त्यांना जिजींनीच वाढवलं. माझ्या सासूबाई मी येण्याआधीच वारल्या होत्या, त्यामुळे घरात राज्य जिजींचं. आणि जिजींचं राज्य म्हणजे लोणचं. आमच्या अख्ख्या गल्लीचं आंब्याचं लोणचं त्या घालायच्या. लग्न कुणाचंही असो, लोणचं जिजींचं. उभ्या आयुष्यात त्यांच्या बरणीला कधी बुरशी आली नव्हती. यावरून त्या कुणालाही गप्प करायच्या. शेजारीण म्हणाली, माझ्या पोराला सरकारी नोकरी लागली. जिजी म्हणायच्या, "लागली असन. पण मागच्या साली तुह्या लोणच्याले बुरशी आली होती, नाई का?" शेजारीण बिचारी पदर सावरत घरी.

त्यामुळे मामाजींना बुरशी झाली हे कळल्यावर बाकीचं घर रडत होतं आणि जिजी कंबर कसून उभ्या. "बुरशी ना? मंग मले सांगा. इतकं रडाले काय झालं?" हा आजार आपल्याच खात्यातला, असं त्यांनी धरूनच टाकलं. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "याले ओल्या हातानं कोणी शिवलं?" घरातली प्रत्येक बाई आपले हात पदराला पुसायला लागली. मीसुद्धा पुसले! मॅट्रिक झालेली मी, आणि पुसले.

मग सुरू झाले उपचार. बुरशीला ऊन दाखवायचं म्हणून मामाजींना रोज सकाळी खाटेसकट अंगणात काढलं. वैशाखातलं ऊन ते. मामाजी ओरडायचे, "जिजी, मी पापड हाये काय?" पाण्याचा स्पर्श नको म्हणून आंघोळ बंद. हवा लागू नये म्हणून अंगाला तेल थापलेलं, कारण लोणच्यावर तेलाचा थर असला की बुरशी येत नाही. आणि बरणीला देतात तशी हिंगाची धुरी. घरात दिली तोवर ठीक होतं. पण मामाजींना दवाखान्यात ठेवल्यावर जिजी खापरावर निखारे घेऊन तिथे हजर झाल्या आणि खाटेखाली हिंग टाकला. डॉक्टर सटासट शिंकत बाहेर आले. "जिजी, हा दवाखाना आहे!" म्हणाले. "म्हून तं थोडाच टाकला," जिजी म्हणाल्या.

खरी पंचाईत पुढेच झाली. डॉक्टरांनी त्या औषधाचे नियम मला समजावून सांगितले, कारण खाटेपाशी बसणार मी. औषध थंड जागी ठेवायचं. उजेड लागू द्यायचा नाही, बाटलीवर काळं कापड बांधायचं. कुणी हात लावायचा नाही, हलवायची नाही. सावकाश जाऊ द्यायचं, घाई करायची नाही. जिजी शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या आणि दर नियमाला मान डोलावत होत्या. त्यांचं तोंड असं काही फुललं की काय सांगू! थंड जागा, अंधार, हात नको, घाई नको. हे तर लोणच्याचेच नियम. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाटलीसाठी घरून काळ्या खणाचा दादरा शिवून आणला, बरणीच्या तोंडाला बांधतात तसा, नाडीसकट. डॉक्टरांना तो आवडला. तिथेच चुकलं. त्या दिवसापासून जिजी स्वतःला अर्ध्या डॉक्टर समजायला लागल्या.

औषधाच्या नावाचीही त्यांनी चौकशी केली. मी सांगितलं, अँफोटेरिसिन बी. जिजी विचारात पडल्या. मग कंपाउंडरला हळूच म्हणाल्या, "हे बी हाये. मंग ए कोणाले देलं? पाह्य बरं, चांगलं चांगलं मुंबईवाल्यानं ठेवून घेतलं असन."

औषधाचा त्रास काय होता ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पिवळं पाणी शिरेत जायला लागलं की तासाभरात मामाजींना हुडहुडी भरायची. बाहेर ऊन फुफाट्याचं, आणि हे तीन गोधड्यांखाली दातांवर दात आपटत. लोखंडी खाट अशी थरथरायची की फरशीवरून सरकत सरकत दाराकडे निघायची. ह्यांना आणि कंपाउंडरला दोन्ही बाजूंनी ती धरून बसावं लागे. मामाजी थरथरत शिव्या द्यायचे, आणि शिवीचेही तुकडे पडायचे. अर्धी आत्ता, अर्धी मग. एकदा शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको हळद-कुंकू घेऊन पाया पडायलाच आली. "अंगात कोणती देवी येते हो यायच्या?" जिजी तिच्यावर खेकसल्या, "देवी नाई आली बाई. औषध आलं. बस तिकडं." थरथर थांबली की ताप चढायचा, ताप उतरला की मामाजी भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. केळी खायला घाला, नारळाचं पाणी द्या, असं डॉक्टर सांगायचे, आणि ते आणायच्या निमित्ताने मी जरा डोळे पुसून यायची.

जिजींना एकच नियम पटला नव्हता. औषध ग्लुकोजच्या पाण्यातच घालायचं, मिठाच्या पाण्यात बिलकूल नाही.

"साखरेच्या पाण्यात?" जिजींनी कानांवर हात ठेवले. "अवो डॉक्टर, साखरेनं तं मुंग्या लागतात. बुरशी माराची तं मीठ पायजे. मिठाबिगर माही एक तरी बरणी टिकली असती काय?"

"जिजी, हे लोणचं नाहीये," डॉक्टर म्हणाले.

"ते दिसूनच राह्यलं. लोणचं असतं तं तुमाले हात लावू देला असता काय?"

डॉक्टर हसले आणि विषय तिथेच सोडून गेले. त्यांना वाटलं, मिटलं. मी जिजींना ओळखत होते, पण मलाही तसंच वाटलं. आमचं दोघांचंही चुकलं.

थोड्या दिवसांनी दुसरबीडला एक बाळंतीण अडली म्हणून डॉक्टरांना सकाळीच निरोप आला. औषध कंपाउंडरवर सोपवून ते गेले. तो हे काम रोज बघत होता, हात चांगला होता. मी मामाजींसाठी पेज आणायला घरी गेले. परत येऊन बघते तर जिजी खाटेच्या पायथ्याशी हात जोडून उभ्या, चेहऱ्यावर देवदर्शन झाल्यासारखा आनंद. दादरा बाटलीच्या वर गुंडाळलेला. आणि बाटलीत दूध फाटावं तसे पिवळे कण, गोळे होऊन खाली बसायला लागलेले. कंपाउंडर मामाजींच्या दंडाला पट्टा बांधून सुई हातात घेऊन उभा.

"थांब बे!" मी ओरडले. सासऱ्यांसमोर, डोक्यावरचा पदर खाली गेलेला, आणि "बे" म्हणून. कंपाउंडरच्या हातातली सुईच पडली.

"कशात घातलं औषध?"

तो जिजींकडे बघायला लागला. वर्षानुवर्षं तो जिजींचं लोणचं खात आलेला. "जिजी म्हणे मिठाच्या पाण्यात घाल, गुण लवकर येते. मले वाटलं दोन्ही पाणीच तं हाये."

"पाह्य ना!" जिजी बाटलीकडे बोट दाखवून म्हणाल्या. "पाह्य, कशी बुरशी बाहेर निघून राह्यली!"

"जिजी, अजून सुई टोचलीच नाही! मामाजींच्या अंगातली बुरशी बाटलीत कशी येईल?"

जिजींनी बाटलीकडे पाहिलं. मामाजींच्या दंडाकडे पाहिलं. नळीकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरत गेला तो मी अजून विसरले नाही. मामाजी पडल्या पडल्या म्हणाले, "फाटलं वाट्टे," आणि डोळे मिटून घेतले. त्यांना तर बरंच वाटलं. त्या दिवशीची थरथर वाचली.

डॉक्टर आले आणि त्यांनी जो आवाज लावला तो बाजारापर्यंत गेला असणार. कंपाउंडरला झापलं, मला झापलं, जिजींना तर दवाखान्याची पायरी चढायची नाही म्हणून सांगितलं. ते असे चिडलेले मी पहिल्यांदाच बघत होते. चिडण्यासारखंच होतं. ती त्यांच्याजवळची शेवटची कुपी होती. पुढचं औषध मुंबईहून निघालं होतं, पण वाटेत होतं. तोवर मामाजींना घरी आणलं.

आणि तिथे सगळं बिघडलं. औषध बंद झाल्यावर मामाजींना बरं वाटायला लागलं! थरथर नाही, ताप नाही, शिरा ठणकत नाहीत. दोन घास जेवायला लागले, ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायला लागले. "बरा झालो मी. आता ते पिवळं पाणी मले नको." आम्हाला वाटलं, बोलतात तसं, औषध आलं की जातील. आठवड्याहून जास्त दिवस गेले तेव्हा थर्मास आला, डॉक्टरांनी निरोप धाडला, आणि मामाजी खाटेवरून उठेनात. "माह्या आंगाले कोणी हात लावला तं याद राखजा," म्हणाले.

ह्यांनी हातापाया पडून पाहिलं. डॉक्टर स्वतः घरी आले आणि समजावून समजावून थकले. मग माझं डोकं फिरलं. "मामाजी, वटवाघळांची घाण फुकट मिळाली तर ती चाळून घेतलीत, आणि मुंबईहून आलेलं औषध वाया घालवता?" मी असं म्हटलं. म्हणायला नको होतं, पण माझी जीभ अशीच आहे. मामाजींनी रागही धरला नाही. भिंतीकडे वळून म्हणाले, "पोरी, तू त्या खाटेवर पडून पाह्य एक डाव. मंग बोल. मेलो तं मेलो, पण अशा शिव्या देत नाई मराचं मले."

डॉक्टर ओट्यावर टेकले. माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "अजून निम्मं औषध बाकी आहे. आत्ता सोडलं तर पावसाळा जाईल, दिवाळी जाणार नाही. त्यांना हे सांगितलं. ते म्हणतात, चालेल." हे खांबाला टेकून रडायला लागले.

जिजी स्वयंपाकघराच्या दारात होत्या. बाटली फाटल्यापासून त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. डॉक्टरांचं बोलणं ऐकून त्या आत गेल्या आणि अंधाऱ्या खोलीतून नवी बरणी उचलून आणायला लागल्या. त्या वर्षीचं लोणचं नुकतंच घातलेलं. ती बरणी घातल्या जागेवरून हलवायची नाही, असा कायदा त्यांनीच केलेला. मी धरायला धावले तर मला कोपरानं ढकलून दिलं. आणून ठेवली ती थेट मामाजींच्या खाटेसमोर. दादरा सोडला, झाकण काढलं. घरभर हिंग-मोहरीचा वास गेला. मामाजींनी वळून पाहिलं.

मग जिजींनी काय केलं, तर शेजारच्या पाण्याच्या घागरीत मनगटापर्यंत उजवा हात बुडवला आणि तो तसाच निथळता बरणीवर धरला.

"जिजी!" मामाजी उठून बसले. "हात पूस!"

"नाई पुसत. सुई घेतो का नाई ते सांग."

"काय पोरखेळ लावला! पाणी गळून राह्यलं ना!"

"गळू दे. तू घेत नाई ना सुई? मंग हे घे, घालतो हात. सगळ्या गल्लीचं लोणचं नासू दे. माह्या नावाची थू होऊ दे. माय गेली तवा तू एवढासा होता रे. घास घालू घालू मोठा केला. आता तू नासत बसशीन अन् मी बरण्या राखत बसू? माह्या मूर्खपणानं तुही बाटली फाटली, म्हून तुले हे सुट्टीचं सुख लागलं. बोल! घेतो का घालू?"

हात खाली यायला लागला. बोटांच्या टोकांशी थेंब लोंबत होते. डॉक्टर तोंड उघडं टाकून बघत होते. त्यांना काय कळत होतं कोण जाणे, पण आम्हा मेहकरच्या माणसांना एका थेंबाची किंमत ठाऊक होती. मामाजी त्या थेंबांकडे असे बघत होते की मरणाकडेही कधी तसं पाहिलं नसेल. एवढा मोठा बाप्या, व्यापारी माणूस, त्याचा ओठ थरथरायला लागला, औषधाशिवायच.

"घेतो," ते म्हणाले. "घेतो माय, घेतो! पह्यले तो हात मांगं घे!"

त्यांनी जिजींना माय म्हटलेलं मी तेवढ्या एकदाच ऐकलं. जिजींनी हात मागे घेतला, लुगड्याला खसाखसा पुसला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "न्या याले. आत्ताच्या आत्ता न्या. अन् साखरेच्याच पाण्यात घाला." मग त्यांनी झाकण लावलं, दादरा बांधला आणि आत जाऊन चुलीपाशी बसून ढसाढसा रडल्या.

पुढची औषधं पुरी झाली. खाट पुन्हा दाराकडे चालायला लागली, शिव्या पुन्हा तुकड्या-तुकड्यांनी यायला लागल्या, पण मामाजी एकदाही नाही म्हणाले नाहीत. नको वाटलं की दात खाऊन पुटपुटायचे, "बरणी... बरणी..." जिजींना डॉक्टरांनी परत येऊ दिलं. त्या खाटेपाशी बसायच्या ते दोन्ही हात मांडीखाली दाबून. कशालाही हात लागायला नको म्हणून. पोळ्याच्या आधी नागपूरच्या डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला आणि छाती साफ असल्याचं सांगितलं. मामाजी दुकानात बसायला लागले. वटवाघळांच्या खताचं राहिलेलं पोतं ह्यांनी परस्पर कुठेतरी नेऊन टाकलं, तेवढं मात्र मामाजींना शेवटपर्यंत लागून राहिलं.

पण त्या पावसाळ्यात आमच्या ताटात लोणचं येईना. एरवी श्रावण लागला की जिजी पहिली फोड मामाजींच्या ताटात वाढायच्या आणि तोंडाकडे बघत बसायच्या. मामाजी विचारायचे, "जिजी, यंदाचं लोणचं काऊन नाई काढलं?" जिजी म्हणायच्या, "मुरलं नाई अजून." गल्लीतल्या बाया वाट्या घेऊन यायच्या, त्यांनाही तेच उत्तर. आणि एके दिवशी तर कहरच झाला. सरकारी नोकरीवाल्या पोराची आई स्वतःच्या लोणच्याची वाटी घेऊन आली आणि जिजींनी ती घेतली, बोट लावून चाखलं आणि म्हणाल्या, "बरं झालं हो." ती बाई उंबऱ्यातच मटकन बसली. मला कळलं, काहीतरी बिनसलं आहे.

संध्याकाळी जिजी तुळशीला दिवा लावत होत्या तेव्हा मी अंधाऱ्या खोलीत जाऊन बरणीचा दादरा सोडला. वरच्या तेलावर पांढरी, मऊ बुरशी. चांगली तळहाताएवढी. "आता गं बाई!" माझ्या तोंडून निघून गेलं. मागे वळते तर जिजी दारात.

मला वाटलं, आता त्या आकांत करतील. उभ्या जन्मात पहिली. पण त्या शांतपणे आत आल्या, माझ्या हातातून झाकण घेतलं आणि बरणीत वाकून पाहिलं.

"तवाच पडला होता थेंब," जिजी म्हणाल्या. "मले दिसला होता."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"काऊन सांगू? बुरशीले कोठंतरी राहाचंच होतं. बरणीत आली. बरं झालं." त्यांनी झाकण लावलं. "त्याले सांगू नको. तो मनाले लावून घेईन."

आम्ही दोघींनी ती बरणी उचलून मागच्या अंगणात नेली आणि भिंतीकडेला खड्डा करून सगळं लोणचं त्यात रिकामं केलं. जिजींनी स्वतः वर माती ओढली. तेवढ्यात दुकानातून आलेल्या मामाजींची हाक आली, आणि हाकेत खोकल्याचा मागमूस नव्हता. "जिजी! ताट वाढलं काय? लोणचं मुरलं का नाई आज?"

"नाई रे," जिजींनी मातीचे हात झटकले. "बस तू जेवाले. येऊन राह्यली मी."